ऐकावे कोणाचे?

‘ऐकणे’ हे मराठीतले मोठे गमतीचे क्रियापद आहे. ‘मी रेडिओवर गाणे ऐकले’ म्हटले की त्यात फक्त कानाचा संबंध येतो. पण ‘आमचा मुलगा अजिबात ऐकत नाही’ अशी तक्रार एखादी आई करते, तेव्हा त्याला कानाच्या डॉक्टरकडे न्या, असे तिला कोणी सुचवत नाही. तिथे ऐकणे म्हणजे सांगितलेले करणे. एकाच शब्दात आपण कानही बसवला आहे आणि मानही. ही खोड एकट्या मराठीची नाही. आज्ञापालनासाठी जो लॅटिन शब्द ख्रिस्ती परंपरेत रूढ झाला, त्याच्याही पोटात ‘ऐकणे’ हाच धातू आहे. ज्या हिब्रू भाषेत जुना करार लिहिला गेला, तिच्यातही ‘शेमा’ म्हणजे ‘ऐक’, आणि त्यात नुसते कान देणे येत नाही, त्याप्रमाणे वागणेही येते.

आपल्या एका म्हणीने मात्र या दोन अर्थांची मोठ्या चलाखीने फारकत केली आहे. ‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे.’ म्हण सोयीची आहे, पण ती एक प्रश्न तसाच ठेवते. हे मन तरी कोणाचे ऐकते? मन काही स्वयंभू नसते. ते भीतीचे ऐकते, लोभाचे ऐकते, सवयीचे ऐकते, चार लोक काय म्हणतील याचे तर फारच ऐकते.

हा प्रश्न लहान मुलांपुरता असता, तर त्याच्यासाठी पुरवणीचे पान अडवण्याचे कारण नव्हते. पण मुले ऐकत नाहीत म्हणून हैराण झालेली मोठी माणसेच आपला कान आणि मान किती सहज दुसऱ्याच्या स्वाधीन करतात, हे आपण रोज पाहतो. कोणी कचेरीतल्या साहेबाच्या, कोणी पक्षाच्या नेत्याच्या, कोणी एखाद्या महाराजाच्या. ‘बाबा वाक्यं प्रमाणम्’ हे आपण थट्टेने म्हणतो खरे, पण कित्येकांच्या आयुष्याचा तो नियमच होऊन बसलेला असतो.

या प्रश्नाचा ख्रिस्ती धर्माने दोन हजार वर्षे विचार केला आहे. त्यात त्याने थोर माणसेही घडवली आणि मोठे अपराधही पोटात घातले. मी जन्माने ख्रिस्ती नाही. कोणाला त्या धर्माकडे ओढावे किंवा त्यापासून परतवावे, असाही माझा हेतू नाही. पण आयुष्याची बरीच वर्षे शाळेत शिकवण्यात गेल्यामुळे आज्ञापालन हा विषय मला धंद्यातल्या दुखण्यासारखा चिकटला आहे. वर्ग शांत आहे म्हणजे मुले ऐकत आहेत, असे नवशिक्या मास्तराला वाटते. मुरलेल्या मास्तराला कळते की शांतता दोन प्रकारची असते. एक छडीची आणि एक गोष्टीत रंगून गेलेल्या मुलांची. बाहेरून जाणाऱ्या हेडमास्तरांना दोन्ही सारख्याच वाटतात. धर्मातल्या आज्ञापालनाचेही नेमके असेच आहे.

<b>राजाची आज्ञा आणि देवाची</b>

बायबल बाहेरून वाचणारा माणूस या विषयापाशी आला की हमखास गोंधळतो. पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात सांगितले आहे की, सत्ता देवाने नेमलेली आहे, तेव्हा प्रत्येकाने तिच्या अधीन असावे. आणि ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात पेत्र आणि त्याचे सोबती धर्मसभेपुढे उभे आहेत. उपदेश बंद करा, असा त्यांना हुकूम झालेला आहे. माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानणे आम्हाला भाग आहे, असे ते तोंडावर सांगतात.

राजेरजवाड्यांना पहिला उतारा नेहमीच आवडला आणि तुरुंगातल्या माणसांना दुसरा. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाचे राज्य होते, तेव्हा सत्तेच्या बाजूने हाच तेरावा अध्याय पुढे केला जाई. १९८५ साली तिथल्या धर्मचिंतकांनी ‘कैरॉस’ नावाचे निवेदन काढले आणि या वापराचा उघड निषेध केला. ज्या पौलाच्या नावाने हे चालले होते, तो स्वतः अनेकदा तुरुंगात गेला होता आणि रोममध्ये त्याचा वध झाला, असे परंपरा सांगते, ही गोष्ट सत्ताधारी सोयीस्करपणे विसरत आले आहेत.

मग या दोन उताऱ्यांचा मेळ कसा घालायचा? मला वाटते, त्याची किल्ली उपदेशात शोधण्यापेक्षा येशूच्या वागण्यात शोधावी. पकडला जाण्याच्या रात्री तो गेथशेमाने बागेत प्रार्थना करतो. पुढचे मरण त्याला दिसते आहे. हा प्याला टळावा, अशी तो आधी स्पष्ट विनवणी करतो, आणि मगच देवाच्या इच्छेला होकार देतो. म्हणजे ख्रिस्ती धर्मातल्या सर्वांत मोठ्या आज्ञापालनाची सुरुवात मागणे मांडण्यापासून होते. मनातले दुःख दडपून ‘जी महाराज’ म्हणणे तिथे नाही.

त्याच रात्री, बागेत जाण्यापूर्वी, त्याने कमरेला रुमाल बांधून आपल्या शिष्यांचे पाय धुतले. पेत्राला ते सहन होईना. गुरूने चेल्याचे पाय धुवायचे म्हणजे जगाची उलथापालथच! आजही ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी चर्चमध्ये धर्मगुरू भाविकांचे पाय धुतात. २०१३ साली पोप फ्रान्सिस यांनी पदावर आल्यानंतर पहिल्याच अशा गुरुवारी रोमच्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात जाऊन पाय धुतले. त्यांत मुलीही होत्या आणि मुस्लिमही होते. जुन्या वळणाच्या अनेकांना ते रुचले नाही.

या दोन प्रसंगांतून मला जो अर्थ लागतो तो असा. ख्रिस्ती शिकवणीत आज्ञा करणाराही कोणाच्या तरी आज्ञेत असावा लागतो. पुत्रसुद्धा पित्याचे ऐकतो आणि शिष्यांपुढे वाकतो. जो स्वतः कोणाचेच ऐकत नाही, त्याला ‘माझे ऐका’ म्हणण्याचा अधिकार उरत नाही. हे एवढे सूत्र हातात धरले की पुढची बरीच गुंतागुंत उलगडते.

<b>काठी आणि ओवी</b>

पण आज्ञापालन म्हणजे गुलामगिरीच, असे म्हणून मोकळे होण्याची घाई करू नये. ख्रिस्ती संन्यासी तीन व्रते घेतात. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन. पहिली दोन आपल्याकडच्या माणसाला चटकन समजतात. तिसरे अवघड वाटते. येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी तर आपल्या संघाच्या नियमांत आज्ञाधारक माणसाला प्रेताची उपमा दिली. कुठेही न्या, कसेही ठेवा, त्याची हरकत नसते. दुसरी उपमा म्हाताऱ्याच्या हातातल्या काठीची. या उपमांनी आजच्या वाचकाच्या अंगावर काटा येतो. मात्र त्यांनीच एक कुंपणही घातले होते. आज्ञेत पाप दिसत असेल तर ती बंधनकारक नाही. आणि १५५३ साली पोर्तुगालमधल्या सहकाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी हेही सांगितले की, वेगळे वाटले तर प्रार्थना करून ते वरिष्ठांपुढे मांडायला मोकळीक आहे.

ही काठी कुठवर पोचली, याचे एक उदाहरण आपल्या घरातलेच आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज. येशूसंघात दाखल झाले आणि १५७९ साली गोव्याला आले. पुढची सुमारे चाळीस वर्षे ते याच भागात राहिले आणि १६१९ साली इथेच वारले. आज्ञेने आलेल्या या माणसाने इथली भाषा अशी कानात साठवली की, १६१६ साली रायतूरला छापल्या गेलेल्या त्यांच्या ‘क्रिस्तपुराणा’त सुमारे अकरा हजार मराठी ओव्या आहेत. ओवी हुकमाने येत नाही. त्यासाठी बायकांच्या जात्यापाशी आणि देवळाच्या ओट्यापाशी कान द्यावा लागतो. ज्याने वरिष्ठांचे ऐकले, त्याने इथल्या माणसांचेही ऐकले. त्याच काळात गोव्यात पोर्तुगीज सत्ता आणि तिचे धर्मन्यायालय लोकांकडून जी आज्ञाधारकता वसूल करत होते, ती छडीची होती. एकाच भूमीत, एकाच धर्माच्या नावाने दोन्ही शांतता नांदत होत्या.

<b>‘आजीबाई’शी भांडण</b>

या विषयावरचे सर्वांत जिवंत भांडण मात्र एका मराठी बाईने घातले आहे, आणि ते आपल्या फारसे स्मरणात नाही.

पंडिता रमाबाईंची ओळख नव्याने करून द्यायला नको. १८५८ सालचा जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून बायकोला संस्कृत शिकवले. लेकीला ते आईकडून मिळाले. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटले. मग भाऊ गेला. लग्न झाले, आणि दोन वर्षांच्या आत, १८८२ च्या आरंभी, पतीही गेले. पदरात लहानगी मनोरमा. पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला आणि १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. तिथे वाँटेज गावी इंग्लंडच्या चर्चच्या धर्मभगिनींचा मठ होता. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी तिथे मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

पुण्यात गहजब झाला. बाई गोऱ्यांच्या जाळ्यात सापडल्या, असा सूर होता. जोतीराव फुल्यांनी मात्र १८८५ साली ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली. पण बाप्तिस्मा घेऊन बाई गप्प बसल्या असतील, अशी ज्यांची समजूत होती, त्यांना वाँटेजमध्ये काय चालले होते याची कल्पना नव्हती. धर्माच्या वाटेवर बाईंना हाताला धरून नेण्याचे काम सिस्टर जेराल्डीन यांच्याकडे होते. बाई त्यांना पत्रातून लाडाने ‘आजीबाई’ म्हणत. आणि या आजीबाईंशीच त्या एकेका गोष्टीवरून भांडत होत्या.

बाईंनी मांसाहार स्वीकारला नाही. आजीबाईंना त्यात जातीचा अहंकार दिसला. तुम्ही त्याला जातीचे खूळ म्हणा, पण माझ्या लोकांची जी चालरीत वाईट नाही ती मी सोडणार नाही, असा बाईंचा रोख होता. क्रुसावरचा मजकूर लॅटिनमध्ये होता. मला लॅटिन येत नाही, मग तो माझ्या संस्कृतात का नको, हा त्यांचा प्रश्न. त्रैक्याचा सिद्धांत त्यांच्या बुद्धीला पटत नव्हता, तर तो पटला असे म्हणायला त्या तयार नव्हत्या. चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात त्या शिकत आणि शिकवत होत्या. पुरुष विद्यार्थ्यांनाही त्यांनी भारतीय भाषा शिकवाव्या, अशी सूचना तिथल्या प्राचार्य डोरोथिया बील यांनी केली. त्यावर मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. बाईने पुरुषांना शिकवणे हिंदुस्थानात बरे दिसणार नाही! बाई चकित झाल्या. माझ्या वडिलांना आणि पतीला जे गैर वाटले नाही, ते या इंग्रजांना कसे वाटते, असे त्यांनी विचारले.

मे १८८५ मध्ये लिहिलेल्या पत्रात त्यांनी सगळ्या भांडणाचा गाभा सांगून टाकला. आशय असा, की स्वदेशातल्या पुरोहितांचे जोखड मी फार कष्टाने मानेवरून उतरवले आहे. आता दुसऱ्या पुरोहितांच्या तोंडून आलेले सारे देवाची आज्ञा समजून तसलेच जोखड मी पुन्हा मानेवर घेणार नाही. मला माझी सदसद्विवेकबुद्धी आहे. देवाने ती वापरण्यासाठीच दिली आहे.

हे वाचून कोणी म्हणेल, बाई बंडखोरच होत्या, त्यांना आज्ञापालन कुठले जमणार? इथेच आपण फसतो. देवाचे ऐकायचे, हे बाईंना पूर्ण मान्य होते. पुढचे सारे आयुष्य त्यांनी त्याच एका निष्ठेवर उधळले. त्यांचा आक्षेप देवाच्या जागी येऊन बसणाऱ्या मध्यस्थावर होता. एक धनी धरला की बाकीच्या धन्यांची भीती जाते, ही त्या शिकवणीतली खरी ताकद त्यांनी ओळखली होती. आजीबाईंना ‘आज्ञा’ म्हणताना चर्च अभिप्रेत होते, बाईंना ख्रिस्त. दोघी एकच शब्द वापरत होत्या आणि दोन वेगळ्या गोष्टी बोलत होत्या.

या कथेतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट निराळीच आहे. ही पत्रे आज आपल्याला वाचायला मिळतात ती सिस्टर जेराल्डीन यांच्यामुळे. जिने आपले ऐकले नाही, तिची ती सडेतोड पत्रे या बाईंनी जपून ठेवली, संगतवार लावली. १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ती प्रसिद्ध केली. म्हणजे आजीबाईंनीही शेवटी ऐकलेच होते.

<b>उघडे दार</b>

मध्यस्थ नको, हे बिशपांना सांगणाऱ्या बाईंना तेच पुण्यातल्या सुधारकांनाही सांगावे लागले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेले शारदा सदन पुढच्या वर्षी पुण्यात आले. विधवांसाठीची ही शाळा धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असे ठरले होते. बाई आपल्या खोलीत मुलीला घेऊन प्रार्थना करीत, बायबल वाचीत. खोलीचे दार उघडे असे. सदनातल्या काही मुली येऊन बसू लागल्या. पुण्यात वादळ उठले. दार लावून घ्या, हा सल्ला बाईंनी मानला नाही. १८९३ साली रानडे आणि भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार मंडळातून बाहेर पडली आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

त्या वेळी कोणाचे बरोबर होते, यावर अजूनही वाद घालता येईल. तटस्थतेचे वचन म्हणजे काय, हा पालकांचा प्रश्न खोटा नव्हता. पण स्वतःच्या खोलीत स्वतःच्या देवाची प्रार्थना करताना दार लावायचे की उघडे ठेवायचे, एवढेही बाईने समितीला विचारून ठरवावे काय, हा बाईंचा प्रश्नही खोटा नव्हता. एका बाजूला बिशप आणि दुसऱ्या बाजूला सुधारक. दोघांनाही बाईंच्या विद्वत्तेचे कौतुक होते. दोघांचीही अपेक्षा एकच होती. बाईंनी ऐकावे.

<b>सेंट रॅडेगुंडचा शेतकरी</b>

रमाबाईंना या स्वातंत्र्याची किंमत मित्र आणि प्रतिष्ठा या रूपात मोजावी लागली. युरोपातल्या एका साध्या शेतकऱ्याला तीच निष्ठा प्राण देऊन पाळावी लागली. त्याची हकिगत इथे सांगतो, कारण तिच्यात आज्ञा देणारे नुसते सरकार नव्हते. त्याचे स्वतःचे धर्मगुरूही सरकारच्या बाजूने बोलत होते.

फ्रान्झ यॅगरश्टेटर हा ऑस्ट्रियातल्या सेंट रॅडेगुंड गावचा. जन्म १९०७ चा. गावच्या चर्चची झाडलोट, घंटा वाजवणे हे कामही तो करी. १९३८ साली ऑस्ट्रिया जर्मनीला जोडण्याच्या प्रश्नावर मतदान झाले, तेव्हा गावातून विरोधात गेलेले मत त्याच्या एकट्याचे होते. हिटलरच्या सैन्यात लढणे हे पाप आहे, अशी त्याची खात्री झाली. तो आपल्या बिशपना भेटला. बिशपांनी त्याला समजावले, की सरकारच्या कृत्यांची जबाबदारी तुझ्यासारख्या साध्या माणसावर येत नाही. तुझे कर्तव्य तुझ्या बायकामुलांशी आहे. घरी पत्नी फ्रान्झिस्का आणि तीन लहान मुली होत्या. मार्च १९४३ मध्ये तो छावणीत हजर झाला आणि शस्त्र घेणार नाही, असे सांगितले. ९ ऑगस्ट १९४३ रोजी त्याचा शिरच्छेद झाला.

बिशपांचा सल्ला वाचताना मला त्यांचा राग येत नाही. तीन चिमुरड्या मुली असलेल्या माणसाला आपणही कदाचित तेच सांगितले असते. ‘तू एकटा काय करणार?’ हे वाक्य तर आपल्या प्रत्येक घरात उच्चारले जाते. पण फ्रान्झने बिशपांचे शांतपणे ऐकले आणि त्यांच्यापेक्षा वरच्याचे मानले. त्याच्यामागे त्याच्या बायकोलाही गावाचे बोल बरीच वर्षे ऐकावे लागले. त्याच चर्चने २००७ साली लिंझच्या कॅथीड्रलमध्ये त्याला ‘धन्य’ घोषित केले, तेव्हा चौऱ्याण्णव वर्षांची फ्रान्झिस्का समोर बसली होती. ज्याने चर्चच्या अधिकाऱ्याचे ऐकले नाही, तो चर्चचा खरा आज्ञाधारक ठरला. हे ठरायला चौसष्ट वर्षे लागली.

आज्ञाधारकतेचा सौदा जेव्हा उलट होतो, तेव्हा काय घडते, तेही जगाने पाहिले आहे. २००२ साली ‘बॉस्टन ग्लोब’ या दैनिकाने तिथल्या काही पाद्र्यांनी मुलांवर केलेले अत्याचार आणि वर्षानुवर्षे ते झाकून ठेवणारी व्यवस्था उजेडात आणली. त्या डिसेंबरात तिथले कार्डिनल बर्नार्ड लॉ यांना पद सोडावे लागले. त्या घरांतले आईबाप वाईट नव्हते. ‘फादर म्हणतात म्हणजे खरे’, अशी त्यांची श्रद्धा होती. मुले बोलली नाहीत, काही बोलली तर त्यांचे ऐकले गेले नाही. ऐकण्याची सगळी जबाबदारी खालच्यांवर आणि ऐकून घेण्याचा सगळा अधिकार वरच्यांना, अशी वाटणी झाली की पाय धुणाऱ्या गुरूची आठवण तेवढी भिंतीवरच्या चित्रात उरते.

<b>एक अवघड प्रश्न</b>

आता रमाबाईंकडे परत येऊन एक अवघड प्रश्न विचारलाच पाहिजे. १८९६-९७ च्या दुष्काळात बाई स्वतः हिंडून अन्नान्न झालेल्या मुली आणि बायका गोळा करून केडगावला घेऊन आल्या. ‘मुक्ती’ उभी राहिली. पुढच्या दुष्काळात आणखी शेकडो आल्या. त्यांतल्या अनेकींनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. ज्या बाईने वाँटेजच्या मठात ‘माझी बुद्धी वापरू द्या’ म्हटले, तिच्या छपराखाली भुकेने मरता मरता वाचलेल्या पोरीला ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक कितपत होती? जिने जीव वाचवला तिचा देव आपला मानणे, ही निष्ठा की उपकाराची फेड?

मला वाटते, हा प्रश्न बाईंच्या मोठेपणाला धक्का लावत नाही, आणि तो विचारल्याशिवाय त्यांच्याबद्दल आदरही दाखवता येत नाही. आपल्या प्रेमाचे, कष्टाचे, उपकाराचे ओझे समोरच्या मानेवर किती पडते, हे देणाऱ्याला सहसा दिसत नाही. हे आश्रमाला लागू आहे तसे घरालाही आहे. ‘तुझ्यासाठी एवढे केले आणि तू माझे एवढेही ऐकत नाहीस?’ हे वाक्य छडीपेक्षा जोरात लागते. त्या वाक्यानंतर मुलगा जे करतो, त्याला आपण आज्ञाधारकपणा म्हणतो. तो वसुलीला दिलेला हप्ता असतो.

म्हणून मुलांना आज्ञाधारक करू नये, असे मी म्हणणार नाही. ज्याला कोणाचेच ऐकायची सवय नाही, तो स्वतंत्र होत नाही. तो पहिल्या मोठ्या आवाजाच्या मागे जातो. ऐकण्याची सवय लावलीच पाहिजे. पण तिच्याबरोबर एक हक्कही मुलाच्या हाती दिला पाहिजे. आज्ञा करणाऱ्याला विचारण्याचा, की तुम्ही स्वतः कोणाचे ऐकता? हा प्रश्न बापाला विचारता यावा, मास्तरला विचारता यावा, पाद्र्याला, पुजाऱ्याला आणि पुढाऱ्यालाही विचारता यावा. ज्याला तो ऐकून राग येतो, त्याच्यापासून चार हात दूर राहावे. ज्याला उत्तर देता येते, आणि उत्तराप्रमाणे वागताना जो दिसतो, त्याचे ऐकायला हरकत नाही.

केडगावच्या त्या अवघड प्रश्नाचे बाईंनी दिलेले उत्तर मला त्यांच्या शेवटच्या मोठ्या कामात दिसते. उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. मराठी बायबल त्यापूर्वीही होते. पण त्याची पंडिती भाषा मुक्तीतल्या बायकांना कळत नसे. बाईंनी आपले सारे संस्कृत बाजूला ठेवले आणि ज्यांना पाटीवर अक्षर गिरवायला नुकतेच शिकवले होते त्यांना कळेल, असे मराठी लिहिले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. आदल्याच वर्षी मनोरमा गेली होती. तरी अखेरच्या दिवसांपर्यंत हे काम सुटले नाही. मुक्तीच्या छापखान्यात तिथल्याच बायका त्याचे खिळे जुळवत होत्या.

त्या बायकांना बाईंच्या तोंडून आलेले खरे मानून राहता आले असते. बाईंनाही ते सोपे गेले असते. त्यांनी पुस्तक त्यांच्या हातात दिले. वाचा, आणि मी सांगते ते त्यात आहे का, ते तुमचे तुम्ही पाहा.